दोन खारका

नानांनी दोन पानं माझ्यासमोर पालथी सरकवली आणि म्हणाले, "आता एक तास पाळण्याकडे बघायचं नाही."

"ती उठली तर?"

"उठली तर रडेल. रडली तर ऐकू येईल. पानं बघ."

मी पानं बघितली, मग पाळण्याकडे बघितलं, मग परत पानं. पाळण्याच्या दोरीला आईंनी घुंगरू बांधले होते. रेवानं कूस बदलली तरी ते वाजायचे. मला ते झोपेतही ऐकू यायचे, आणि वाजले नाहीत तर त्याहून जास्त ऐकू यायचे. मग उठून तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचा. रेवा दीड महिना आधी जन्मली होती. पहिले दहा दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मी पेटीबाहेर उभी होते. आता ती सहा महिन्यांची, गुटगुटीत, सगळ्या घराला पुरून उरेल एवढ्या आवाजाची झाली होती. मी मात्र अजून त्या पेटीबाहेरच उभी होते.

याला आता आठ वर्षं झाली. अमोघ, माझा नवरा, बँकेच्या ट्रेनिंगसाठी सहा आठवडे हैदराबादला गेला होता. सोलापुरात एप्रिल संपत आलेला, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. घरात मी, रेवा, सासूबाई, म्हणजे आई, आणि सासरे. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. पस्तीस वर्षं गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. आणि ते मला पोकर शिकवत होते, कारण चार दिवसांनी इंदूरहून शकूआत्या येणार होती.

खांबेट्यांच्या घरात मोठे वाद पानांवर सुटतात, हे मला लग्न ठरताना कुणीच सांगितलं नव्हतं. नाना आणि त्यांची थोरली बहीण शकूआत्या लहानपणापासून हेच करत आले. वडिलांना निकाल कुणी दाखवायचा, खिडकीशी कुणी बसायचं, सगळं पत्त्यांवर. मोठेपणीही ते सुटलं नाही. माझ्या नवऱ्याचं नाव अमोघ आहे, कारण त्याच्या बारशाच्या आदल्या दिवशी आत्या रमीत जिंकली. नानांना यशवंत ठेवायचं होतं. मुख्य नियम दोन. पानांवर ठरलं की पुन्हा तोंड उघडायचं नाही. आणि ज्याचं वय कमी, त्यानं खेळ निवडायचा. नानांना आयुष्यभर रमीशिवाय काही येत नसल्यामुळे ते दर वेळी रमी निवडत आणि दर वेळी हरत.

यंदाचा वाद माझा होता. रेवा पेटीत असताना आत्यानं नवस बोलला होता: पोर वाचू दे, सातव्या महिन्यात तिचं जावळ कुलदैवतासमोर काढू. कुलदैवत कोकणात. सोलापूरपासून दहा तास, मधे घाट, आणि महिना मे. डॉक्टर म्हणाले होते, "न्यायला हरकत नाही, पण सांभाळून." मी त्यातला फक्त शेवटचा शब्द ऐकला होता. मला प्रवास दिसत होता, घाटातली वळणं दिसत होती, आणि कुणीतरी अनोळखी माणूस कुठलातरी वस्तरा माझ्या मुलीच्या टाळूवरून फिरवताना दिसत होता. मी एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी. त्या वस्तऱ्यावर काय काय असेल त्याची मला लॅटिन नावं माहीत होती.

जावळ तिसऱ्या वर्षी काढू, असं मी आत्याला फोनवर सांगितलं. आत्या मुख्याध्यापिका होती. तिनं मला सगळं बोलू दिलं आणि मग म्हणाली, "इंदूला फोन दे." इंदू म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांच्याकडे आशेनं बघत राहिले. त्या पाच मिनिटं नुसतं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं, वन्सं." आणि फोन ठेवून भाजी निवडायला बसल्या.

त्या दिवशी मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. त्यांनाही हा प्रवास नकोसा असेल अशी माझी समजूत होती. एक वाक्य तरी बोलायचं होतं.

नाना मात्र संध्याकाळी हळूच म्हणाले, "पानांवर घेऊ या. तू लहान आहेस. खेळ तू निवडायचास."

आदल्या वर्षी ते थोरल्या दिरांकडे अमेरिकेत सहा महिने राहून आले होते. बाहेर बर्फ, घरात माणूस नाही. तिथल्या वाचनालयात निवृत्त देशी मंडळी जमायची, त्यांच्यात ते पोकर शिकले. अक्काला, म्हणजे शकूआत्याला, हरवता येईल असा एक तरी खेळ जगात आहे, हा शोध त्यांना वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी लागला होता.

"सोपं आहे," त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. "प्रत्येकाला दोन पानं, ती फक्त त्याची. मग मधे पाच पानं उघडायची, ती सगळ्यांची. आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. दर टप्प्याला मांडायचं, समोरच्यानं मांडलं तर तेवढं घालायचं किंवा वाढवायचं, नाहीतर पानं टाकून द्यायची. आपली दोन आणि मधली पाच, त्या सातांतून ज्याची पाच सरस, तो जिंकला."

कशाहून काय सरस ते मी रेवाच्या लसीकरणाच्या तक्त्यामागे लिहून घेतलं, कारण तो कागद माझ्याकडून कधीच हरवणार नव्हता. एक जोडी. दोन जोड्या. तीन सारखी. पाच ओळीनं. पाच एकाच रंगाची. मग तीन सारखी अधिक एक जोडी, त्याला नाना भरलेलं घर म्हणत. मग चार सारखी. अमोघनं फोनवर विचारलं, पुढचा डोस कधी आहे, तर मी तक्ता उलटा धरून म्हटलं, दोन जोड्यांनंतर.

पैसे लावायचे नाहीत, हाही खांबेट्यांचा नियम. म्हणून डिंकाच्या लाडवांच्या उरलेल्या जिनसांचा डबा काढला. खारीक दहाची, काजू पाचाचा, शेंगदाणा एकाचा. माझ्या आग्रहानं सगळ्यांनी आधी साबणानं हात धुतले आणि पानं मी ओल्या फडक्यानं पुसून घेतली. नानांनी हे सगळं सहन केलं. पण आई खेळता खेळता शेंगदाणे तोंडात टाकायला लागल्या, तेव्हा त्यांनाही राहवलं नाही.

"इंदू, ती तुझी पुंजी आहे."

"चारच खाल्ले हो."

"तू चारनं गरीब झालीस."

आई तिसरी खेळाडू होत्या, कारण दोघांत मजा येत नाही. त्यांच्याइतकी वाईट खेळाडू त्या अमेरिकेतल्या वाचनालयातही नसेल. चांगली पानं आली की त्या "अगंबाई" म्हणत, आणि आम्ही लगेच पानं टाकून देत असू. नाना म्हणाले, हे असं सांगायचं नसतं.

"मग काय खोटं बोलू?"

"खोटं नको बोलूस. गप्प बस."

"गप्प बसणं म्हणजे खोटंच की," आई म्हणाल्या आणि एक काजू खाल्ला.

मी त्यांच्याकडे बघितलं. फोनवर पाच मिनिटं गप्प बसलेली हीच बाई.

नानांचे धडे सरळ होते. दहातले आठ डाव टाकून द्यायचे. वाईट पानांच्या प्रेमात पडायचं नाही. आधी घातलेलं आठवून पुढे घालायचं नाही, गेलं ते गेलं. आणि थाप मारायची ती क्वचित, पण मारली तर तोंडावर काही दिसता कामा नये. मला वाटलं होतं, मी यात वाईट असेन. पण सहा महिने एक चेहरा चोवीस तास न्याहाळल्यावर माणसाला चेहरे कळायला लागतात. खालचा ओठ कधी मुडपतो, भुवई कधी हलते, रडं यायच्या आधी किती वेळ असतो. नानांना राजा किंवा एक्का आला की ते चष्मा पुसत. मी त्यांना तिसऱ्या दिवशी सलग सहा डाव हरवलं.

चौथ्या दिवशी त्यांनी मला हरवलं. सगळे डाव. पानं गोळा करत म्हणाले, "ऋजुता, एक सांगू का, रागावू नकोस. थाप मारलीस की तू रेवाला बघायला जातेस."

"छे, घुंगरू वाजले म्हणून."

"सात वेळा गेलीस. घुंगरू दोनदा वाजले. खरी पानं असली की तू गच्च बसून असतेस. काही नसलं की 'उठली वाटतं' म्हणून उठतेस. माझ्या लक्षात आलं म्हणजे अक्काच्या पहिल्या तासात येईल."

मला हसू आलं आणि मग नाही आलं. मी म्हटलं, उद्या नाही उठणार. आणि पाळण्यात बघून आले.

शकूआत्या सकाळच्या गाडीनं आली. आल्या आल्या तिनं रेवाला उचललं, वजनाचा अंदाज सांगितला आणि तो शंभर ग्रॅमच्या आत बरोबर निघाला. जेवणं झाली, रेवा आतल्या खोलीत पाळण्यात झोपली. आम्ही बाहेर कूलरसमोर सतरंजी घातली. खेळाचं नाव ऐकून आत्यानं नानांकडे बघितलं.

"बंडू, हे तुझं डोकं."

"लहानानं खेळ निवडायचा," नाना म्हणाले, पण बहिणीकडे न बघता.

तिनं नियम एकदा ऐकले. प्रश्न एकच विचारला: "जोकर नाही? मग मेहनतीचा खेळ आहे." तक्त्यावरून नजर फिरवली, मागची बाजू बघून गोवराच्या लशीची तारीखही मला सांगितली, आणि मांडी घातली. ठरलं ते असं: चारच्या ठोक्याला शेवटचा डाव. त्यानंतर जिच्या ताटात जास्त, तिचं खरं. आत्या जिंकली तर मे महिन्यात कोकण. मी जिंकले तर तिसरं वर्ष.

पहिल्याच डावात आईंनी दोन शेंगदाणे खाल्ले. आत्यानं 'च्च' केलं.

"इंदू. हे बघ, आताच सांगते. शेवटी ताटात असेल तेच मोजायचं. खाल्लं ते गेलं. नंतर 'माझे एवढे होते' चालणार नाही. कुणाचंही."

"बरं, वन्सं."

पहिला तास माझा होता. आत्या रमीत मुरलेली, त्यामुळे तिला पानं टाकून देणं जमत नव्हतं. काहीतरी लागेल म्हणून ती प्रत्येक डावात थांबायची आणि मी तिचे काजू ओढायचे. मग तिला खेळ कळला. कळला म्हणजे किती, तर दुसऱ्या तासात मी राणीची जोडी असल्याची थाप मारून, न कळत, "उठली वाटतं" म्हणत अर्धी उठले, तर ती पानांवरून नजर न काढता म्हणाली, "जाऊन ये सावकाश. मी घालतेय तेवढं." आणि मी परत येईपर्यंत माझ्या तीन खारका गेल्या होत्या.

नानांनी छताकडे बघितलं.

आई पावणेचारला संपल्या. अर्धं हरून, अर्धं खाऊन. त्या आत्याच्या शेजारी सरकून पाय पसरून बसल्या आणि पदरानं वारा घ्यायला लागल्या, कूलर चालू असून.

चार वाजले. नानांनी शेवटचा डाव वाटला. प्रत्येक डावात आळीपाळीनं एकीनं पानं न बघताच पाच मांडायचे असत, तशी ती पाळी माझी होती. मी काजू मांडला, आत्यानं तिचा काजू ठेवला. मग मी पानं उचलली. किलवर सत्ती आणि चौकट दुर्री. पहिल्या दिवशी नानांनी सांगितलं होतं, पोकरमध्ये याहून वाईट दोन पानं नाहीत, ही आली की हात न लावता परत द्यायची.

मधे तीन पानं उघडली. इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, बदाम चव्वी. आत्यानं एक खारीक टाकली. मला टाकून द्यायला हवं होतं. पण आत्याचं ताट माझ्याहून भरलेलं दिसत होतं. किती ते मला कळत नव्हतं, आणि पुढचा डाव नव्हता. टाकलं म्हणजे घाट. मी खारीक घातली.

चौथं पान इस्पिक पंजी. आता मधे तीन इस्पिक होती. कुणाच्या हातात दोन इस्पिक असतील तर पाच एकाच रंगाची, आणि आत्याकडे जे काही असेल ते त्यापुढे फिकं. माझ्या हातात दोन इस्पिक नव्हती. माझ्या हातात काहीच नव्हतं. मी पुढे वाकले आणि माझं ताटच मधे सरकवलं.

"सगळं," मी म्हटलं.

आत्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तिनं बघण्याखेरीज दुसरं काही केलं नाही. मी तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघत राहिले.

आणि आत घुंगरू वाजले.

एकदाच. मग थांबून दोनदा. मग तो आवाज आला, जो रडायच्या आधी येतो. नाकातला, कुरकुरता. माझे गुडघे आपोआप हलले आणि मी ते सतरंजीवर दाबून धरले. मला कळत होतं, आत्याही तेच ऐकतेय. मधली पानं ती बघतच नव्हती, ती माझे गुडघे बघत होती. नाना बघत होते. आई एरवी माझ्या आधी आत पोचायच्या. त्याही उठल्या नाहीत, गालात काहीतरी धरून चघळत बसल्या होत्या. हात धुतलेत ना, एवढंही माझ्या मनात आलं.

मी मोजायला लागले. रेवाचं कुरकुरणं ते रडणं यांत साधारण बारा सेकंद जात. नऊ. दहा. डोळ्यासमोर ती काचेची पेटी होती आणि तिच्यावरचा हिरवा आकडा. अकरा. बारा. तेरा.

आतून एक लांब सुस्कारा आला. मग घुंगरू सावकाश वाजत वाजत बंद झाले. ती झोपली होती. तिची तिची.

मला तेव्हा जे वाटलं ते सुटका नव्हे. जरा अपमानच होता.

"नाही उठलीस," आत्या म्हणाली.

"नाही."

तिनं पानं दोन बोटांत धरून जरा वेळ हलवली, मग उघडी करून टाकून दिली. राजा आणि नव्वी. तिच्याकडे दोन जोड्या होत्या, आणि माझ्याकडे सत्ती नि दुर्री.

"उठली असतीस तर मीही सगळं लावलं असतं," ती म्हणाली. "पण पोरीच्या आवाजाला तू बसून राहिलीस म्हणजे खरंच आहे. मग कशाला. टाकून दिलं तरी मी सहानं पुढे आहे. मी दर डावाला मोजत होते. एकशे पंचवीस आणि एकशे एकोणीस. मोज बंडू."

मी थाप मारून जिंकले होते आणि तरीही हरले होते. नानांनी आधी माझं ताट मोजलं. एकशे एकोणीस. मग आत्याचं. मग परत आत्याचं.

"एकशे पाच," ते म्हणाले.

"शक्य नाही."

"अक्का, तूच मोज."

तिनं मोजलं. मग सतरंजी उचलून बघितली. "दोन खारका कमी आहेत." आणि तिची मान हळूहळू शेजारी वळली.

आईंनी पदराआडून हात पुढे केला आणि तळवा उघडला. त्यात खारकेच्या दोन बिया होत्या.

"हात जातो हो आपोआप," त्या म्हणाल्या. चेहरा रडवेला. "वन्सं, मी तुमच्या ताटातल्या खाल्ल्या की काय?"

आत्यानं बिया बघितल्या, नानांना बघितलं, मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "खाल्लं ते गेलं. मीच म्हटलं." आणि पानांवर ठरलं म्हणून त्या विषयावर पुन्हा एक शब्दही काढला नाही. संध्याकाळी तिनं देवापुढे नारळ ठेवला आणि त्याला तिसऱ्या वर्षाची तारीख सांगितली, शाळेत एखाद्याची रजा वाढवून द्यावी तशी.

तिसऱ्या वर्षी, मार्गशीर्षात, आम्ही सगळे गेलो. घाटात रेवा दोनदा ओकली, दोन्ही वेळा आत्याच्या मांडीवर. वस्तरा मी घरून उकळून नेला होता.

माझी ती पानं मी कुणालाच दाखवली नाहीत. समोरचीनं टाकून दिल्यावर दाखवायची नसतात. आईंवर मात्र मी कितीतरी दिवस मनातल्या मनात हसत असे. बघा, त्यांच्या खादाडपणानं मला जिंकवलं आणि त्यांना पत्ताही नाही. फोनवर गप्प बसल्याचा रागही त्यातच कधीतरी विरून गेला.

गेल्या थंडीत आम्ही दोघी डिंकाचे लाडू करत होतो. मी खारका फोडून बिया काढत होते. एक चांगली मोठी निघाली, ती मी आईंच्या तोंडापाशी नेली. त्यांनी मान मागे घेतली.

"मला नको गं. मला नाही आवडत खारीक."

"कधीपासून?"

"लहानपणापासून. दुधात उकळून द्यायचे आम्हाला, वास आला तरी मळमळतं."

माझा हात तसाच राहिला. मी त्या चार दिवसांच्या तालमी आठवल्या. शेंगदाणे खाल्ले होते. काजू खाल्ले होते. खारका दर संध्याकाळी मोजून, पूर्ण, डब्यात परत जायच्या. मी सगळ्यांचे चेहरे वाचत होते. तो एक मी वाचायलाच घेतला नव्हता.

"आई," मी म्हटलं, "तुम्हीही मोजत होता?"

त्यांनी हातातला डिंक खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि लगबगीनं उठल्या.

"थांब, रेवा उठली वाटतं," म्हणत त्या आत गेल्या.

सकाळचे अकरा वाजले होते. रेवा शाळेत होती.